मनाई उठते तेव्हा

कुंडीवर आडवी पडलेली फळी उचलली, तर तिच्याखाली सूर्यफुलाची रोपं उगवलेली. बी मीच पेरलं होतं, फळी नंतर कधीतरी वाऱ्याने पडली असावी. कुंडीच्या उघड्या राहिलेल्या भागातली रोपं ठेंगणी, हिरवीगार, दोन्ही बीजपत्रं सपाट उघडून बसलेली. फळीखालची मात्र लांबलचक वाढलेली, पांढरट पिवळी. देठ इतके कोवळे की नखाने दाबलं तर पाणी सुटावं. माथ्यापाशी प्रत्येक देठ वाकून त्याचा आकडा झालेला आणि आकड्याच्या टोकाला मिटलेली फिकी बीजपत्रं. एकावर अजून बियाचं पट्ट्यापट्ट्यांचं टरफल अडकून होतं. बी एकाच पाकिटातलं, माती तीच, पाणी तेच. ज्याने कुणी पाहिलं त्याने "बिचारी उपाशी राहिली, आता काही जगत नाहीत" असंच म्हटलं. फळी बाजूला ठेवली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहते तर आकडे सरळ होत आलेले, बीजपत्रं उघडायला लागलेली आणि पिवळ्यावर हिरवा रंग चढलेला.

उजेड मिळाला की झाड हिरवं होतं, हे कुणालाही ठाऊक असतं. मला छळत राहिला तो त्यातला वेग. इतक्या लवकर? उपाशी, दुबळ्या जिवाला सावरायला वेळ लागतो. ही रोपं सावरत नव्हती. सगळी तयारी आधीच करून ठेवलेली असावी आणि काहीतरी त्यांना रोखून धरत असावं, अशा घाईने ती हिरवी झाली. तेव्हापासून मी या विषयावर हाताला लागेल ते वाचत आले आहे. वाचता वाचता एक जुनी समजूत हळूहळू सुटत गेली.

ती समजूत शाळेतली. फळ्यावर डावीकडे डीएनए, मधे आरएनए, उजवीकडे प्रथिन आणि मधल्या जागांत खडूचे दोन जाड बाण. जनुक हुकूम देतं, पेशी तो पाळते, असं आमच्या डोक्यात पक्कं बसलं. पेशीच्या आत सतत हुकूम सुटताहेत असं चित्र मी कित्येक वर्षं बाळगलं. पण झाडाच्या प्रत्येक पेशीत जवळजवळ सगळीच जनुकं असतात. मुळाच्या टोकाशी, जिथे फूल कधीच येणार नाही, तिथेही पाकळी घडवणारी जनुकं आहेत. पानात मूळ घडवणारी आहेत. मग हुकूम सुटण्याइतकंच महत्त्वाचं काम ते न सुटू देण्याचं असणार. २००० साली अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्याशा तणाचा सगळा जनुकसंच वाचून झाला. वनस्पतींमध्ये हा पहिला. सुमारे पंचवीस हजार जनुकांची यादी हाती आली. त्यातली कोणती कधी गप्प असतात आणि त्यांना गप्प कोण ठेवतं, हे यादीत नव्हतं. ते शोधणं तेव्हाही चालू होतं, आजही आहे.

फळीखालच्या रोपांचं उत्तर मला काही बिघडलेल्या रोपांच्या गोष्टीत मिळालं. १९९० च्या आसपास काही प्रयोगशाळा अराबिडॉप्सिसची अशी रोपं शोधत होत्या, जी अंधारातही उजेडात असल्यासारखी वागतात. तशी सापडली. गडद अंधारात उगवूनही त्यांचा देठ आखूड राही, आकडा होत नसे, बीजपत्रं उघडत आणि एरवी उजेडातच जागी होणारी जनुकं अंधारात जागी असत. त्यांच्यात नवीन काही आलेलं नव्हतं, उलट एक जनुक मोडलेलं होतं. सीओपी१ हे त्यांतलं गाजलेलं नाव. हे प्रथिन अंधारात केंद्रकात बसून असतं आणि उजेडाची कामं सुरू करणाऱ्या प्रथिनांवर, विशेषतः एचवाय५ नावाच्या प्रथिनावर, नष्ट करण्याची खूण लावत राहतं. पेशी एचवाय५ तयार करत राहते, सीओपी१ त्याला खूण लावत राहतं आणि खूण लागलेलं प्रथिन पेशीच्या मोडतोड यंत्रणेत तुकडे तुकडे होऊन जातं. उजेड आला की सीओपी१ चं हे काम थांबतं, एचवाय५ साठू लागतं आणि शेकडो जनुकं बोलू लागतात.

हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. हिरवं होणं हे त्या रोपाचं स्वाभाविक वळण होतं आणि फिकं राहणं हे क्षणोक्षणी केलेलं काम.

अंधारातलं रोप म्हणजे प्रकाशाअभावी खंगलेलं रोप, असंच वाटायचं. पण मातीखाली असताना हिरवं होऊन काय उपयोग? बियात साठवलेलं अन्न मोजकं असतं. ते सगळं देठाच्या लांबीत घालून लवकरात लवकर वर पोचायचं, आकडा करून कोवळा शेंडा मातीच्या घर्षणापासून जपायचा, पानं मिटलेली ठेवायची. हिरव्या रंगाची तयारी मात्र चालू असते. हरितद्रव्याच्या एक पायरी अलीकडचा पदार्थ थोड्या प्रमाणात तयार करून एका विकराला बिलगून ठेवलेला असतो. त्या विकराला पुढची पायरी ओलांडायला प्रकाशच लागतो, म्हणून पहिला किरण पडताच ती पार होते. आणि 'थोड्या प्रमाणात' हे शब्द जिवावरचे आहेत. अंधारात ही तयारी आवरून धरणारी पीआयएफ नावाची प्रथिनं असतात. ती नसलेली रोपं प्रयोगशाळेत तयार केली गेली. अंधारात त्यांच्यात तो अलीकडचा पदार्थ बेसुमार साठतो आणि उजेडात आणलं की तोच पदार्थ प्रकाशाने पेटून पेशी जाळतो. हिरवी व्हायच्या ऐवजी ती रोपं पांढरी पडून मरतात. मनाई वेळेआधी उठली तर काय होतं, ते इतकं स्पष्ट मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

एका मैत्रिणीने मला एकदा तिच्या प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं होतं. दोन दारं, मधे काळा पडदा. आत फक्त एक मंद हिरवा दिवा, कारण हिरव्या प्रकाशाची दखल अशी रोपं सगळ्यात कमी घेतात. ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेल्या काचेच्या बशा फळीवर रचलेल्या. तिने एक कागद सोडवला. पारदर्शक जेलीवर केसाएवढी रोपं ओळीने उभी, सगळ्यांचे माथे वाकलेले. खोलीत दमट, किंचित गोडसर वास होता. ती कुजबुजत बोलत होती. आवाजाने काही बिघडत नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, तरी दोघींचा आवाज आपोआप उतरला. "दार चुकून उघडलं तर आठवड्याचं काम जातं," ती म्हणाली. क्षणभराच्या उजेडाने रोपात काय काय हलतं याचा अंदाज मला तिथे आला.

त्या क्षणभराचा हिशेब पहिल्यांदा लागला तो लेट्यूसच्या बियांवर. १९५२ साली अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथे हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिजवलेल्या बियांवर लाल प्रकाश टाकला, बिया रुजल्या. लालनंतर अतिलाल प्रकाश टाकला, म्हणजे आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा, ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा, तर रुजल्या नाहीत. पुन्हा लाल, पुन्हा अतिलाल, असं आलटून पालटून कितीही वेळा केलं तरी शेवटचा झोत कोणता होता, यावरच सगळं ठरे. त्यामागचं रंगद्रव्य म्हणजे फायटोक्रोम. लाल प्रकाशाने त्याचं एक रूप होतं, अतिलालने ते परत फिरतं. लाल प्रकाशाने जागं झालेलं फायटोक्रोम केंद्रकात शिरतं आणि त्या पीआयएफ प्रथिनांना गाठतं. पुढे तेच, त्यांच्यावर खूण लागते आणि ती मोडीत निघतात. पानांच्या छपराखाली लाल प्रकाश गाळला जातो आणि अतिलाल खाली झिरपतो. शेजारच्या पानांवरून परावर्तित होऊन तो बाजूनेही येतो. म्हणजे शेजाऱ्याची सावली अंगावर पडण्याआधीच रोपाला शेजाऱ्याची चाहूल लागते. मग पीआयएफ पुन्हा साठू लागतात आणि देठ ताणला जातो. गर्दीत वाढलेलं रोप उंच आणि किडकिडीत का असतं, हा प्रश्न मी लहानपणी विचारला होता. उजेडासाठी धडपडतं, एवढंच उत्तर मिळालं होतं. ते खरंच होतं, पण त्या धडपडीला इतकी नेमकी मोजदाद आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग एकामागून एक तोच नमुना दिसू लागला आणि मी अक्षरशः मोहून गेले. ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक. ते पेशीत येतं तेव्हा थेट कुठलंही जनुक सुरू करत नाही. जनुकांवर बसलेलं एक रोधक प्रथिन आणि त्या प्रथिनाला मोडीत पाठवणारा ग्राही (म्हणजे ऑक्झिनची दखल घेणारं प्रथिन), या दोघांच्या मधल्या फटीत बसून ते त्यांना एकमेकांशी जोडून देतं. २००५ साली हा ग्राही ओळखला गेला आणि २००७ साली ती फट प्रत्यक्ष दिसली. किडीने पान कुरतडल्यावर झाडात जे जास्मोनेट तयार होतं, त्याचीही तीच रीत. देठ लांबवणाऱ्या जिबरेलिनचीही तीच. झाडाला मिळालेला निरोप बहुतेक वेळा 'हे कर' असा नसतो, अडवणाऱ्याला हटवा असा असतो. हा खर्चिक कारभार वाटतो. रोधक तयार करा, तो बसवा, मग मोडा, पुन्हा तयार करा. पण सगळं सज्ज ठेवून फक्त अडसर काढायचा असेल तर काही मिनिटांत काम सुरू होतं. ज्याला जागा सोडून पळता येत नाही, त्याच्या आयुष्यात त्या मिनिटांचं मोल काय असेल!

न उठवता येणाऱ्या मनाईची गोष्ट तर आपल्या सगळ्यांच्या पोटापर्यंत येते. जिबरेलिन आलं की डेला नावाची रोधक प्रथिनं मोडली जातात आणि झाड उंच होतं. जपानमधल्या नोरिन १० या गव्हाच्या वाणात डेला प्रथिनाचा नेमका तो तुकडा गायब आहे, ज्याला धरून त्याला मोडीत काढायचं असतं. जिबरेलिन कितीही येवो, मनाई जागची हलत नाही. गहू बुटका राहतो, भरलेल्या ओंबीच्या ओझ्याने लोळत नाही. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत याच वाणापासून बुटके गहू तयार केले आणि हरितक्रांती म्हणतात ती त्यातून उभी राहिली. त्या बुटकेपणाचं कारण मात्र १९९९ साली कळलं, म्हणजे कोट्यवधी लोकांनी तो गहू खाऊन झाल्यावर. या गोष्टीबद्दल माझं मन अजून एका जागी ठरत नाही. या गव्हाने दुष्काळाच्या तोंडून माणसं ओढून काढली, ही गोष्ट कमी लेखण्याचा मला अधिकार नाही. त्याच्यासोबत पाणी आणि खतांची न संपणारी भूक आली, कितीतरी जुने वाण शेतांतून गेले, हेही खरंच. मी गव्हाचं शेत पाहते तेव्हा ती एकसारखी कंबरभर उंची आता मला नुसती उंची वाटत नाही.

भाताची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. पुरात बुडालेलं भाताचं रोप साधारणपणे पाण्याबाहेर डोकं काढायला देठ ताणू लागतं. खोल पाण्यातले काही वाण तर दिवसाला वीस सेंटिमीटरहून जास्त वाढतात आणि पाण्यावर येतात. पण काही दिवसांतच ओसरणाऱ्या पुरात ही घाई घातक ठरते. साठा संपतो आणि पाणी उतरल्यावर रोप आडवं होतं. ओडिशातल्या एफआर१३ए या जुन्या वाणाने वेगळी वाट धरली होती. पाण्याखाली गेल्यावर तो वाढ थांबवतो, साखर राखून ठेवतो आणि साधारण दोन आठवडे तग धरतो. २००६ साली त्यामागचं सब१ए हे जनुक सापडलं. पाण्याखाली कोंडलेल्या इथिलीन या वायूमुळे ते जागं होतं आणि डेलासारख्या रोधकांचं बळ वाढवून वाढीवर मनाई घालतं. पुढे ते स्वर्णासारख्या लोकप्रिय वाणात आणलं गेलं. हे जनुक शोधणाऱ्यांचं कौतुक आहेच. पण त्याआधी किती पिढ्यांच्या शेतकऱ्यांनी, सगळं शेत कुजलेलं असताना, उभ्या राहिलेल्या चार रोपांचं बी बाजूला काढून ठेवलं असेल! त्यांची नावं कुठल्याही शोधनिबंधावर नाहीत.

रोधक प्रथिनं ही मनाईची एक तऱ्हा झाली. दुसरी तऱ्हा पिटूनियाच्या फुलांनी दाखवली. १९९० च्या सुमारास रिचर्ड जॉर्गेन्सन, कॅरोलिन नॅपोली आणि त्यांचे सहकारी जांभळा रंग आणखी गडद करायला निघाले होते. रंग बनवण्याच्या साखळीतल्या एका विकराचं जनुक त्यांनी रोपात जास्तीचं घातलं. कित्येक रोपांना फुलं आली ती पांढरीशुभ्र, काहींवर पांढरे पट्टे. नवीन जनुक तर गप्प झालंच, झाडाचं स्वतःचंही गप्प झालं. त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या एका गटालाही हेच दिसलं. या फुलांची छायाचित्रं जरूर पाहावीत. पांढऱ्या भागाच्या कडा कुठे धारदार, कुठे जांभळ्यात विरत गेलेल्या, एकाच झाडावर दोन फुलं सारखी नाहीत. पुढे १९९८ साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी सूक्ष्म कृमींमध्ये दुपेडी आरएनए जनुकाला कसा गप्प करतो ते दाखवलं. १९९९ साली अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बॉल्कम यांना गप्प केलेल्या वनस्पतींमध्ये सुमारे २५ अक्षरांचे इवलेसे आरएनए सापडले. जुळणारा निरोप शोधून तो कापून टाकायला तेच वाट दाखवतात. विषाणूंशी लढण्याचं हे झाडांचं जुनं हत्यार. २००६ चं नोबेल फायर आणि मेलो यांना मिळालं आणि ते योग्यच होतं. तरी वनस्पतींवर काम करणाऱ्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तोच धागा त्यांच्या हातात आधीपासून होता.

तिसरी तऱ्हा सगळ्यात जुनी, म्हणजे माणसाला दिसलेली सगळ्यात जुनी. १७४४ साली लिनियसने टोडफ्लॅक्स या रानफुलाच्या एका विचित्र रूपाचं वर्णन केलं. एरवी हे पिवळं फूल दोन ओठांचं, खाली एकच टोकदार शेपूट. या रूपात मात्र फूल सगळीकडून सारखं, नळीसारखं, आणि तळाशी पाच शेपट्या. जातींच्या वर्गवारीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे अस्वस्थ करणारंच होतं, कारण बाकी सगळं झाड जसंच्या तसं. त्याचं कारण १९९९ साली कळलं. त्या झाडातल्या एका जनुकाची अक्षरं अगदी तीच होती, फक्त त्यांच्यावर मिथाइल नावाचे इवलेसे रासायनिक गट दाटीने चिकटलेले होते आणि त्यामुळे ते जनुक वाचलंच जात नव्हतं. ही मनाई बियांतून पुढच्या पिढीत जाते. कधी एखाद्या फांदीवर ती आपोआप सैल होते आणि त्याच झाडावर पुन्हा दोन ओठांची फुलं येतात.

पिढीतून पिढीत काय जातं आणि काय पुसलं जातं, हा प्रश्न एका काळी माणसांच्या जिवावर उठला होता. हिवाळी गव्हाला आणि राय या धान्याला थंडीचा काळ मिळाल्याशिवाय फुलोरा येत नाही, हे गुस्ताव गासनर यांनी १९१८ साली प्रयोगांनी दाखवलं होतं. ट्रोफिम लायसेन्को या शेतीतज्ज्ञाने सोव्हिएत संघात याच गोष्टीवर आपलं साम्राज्य उभं केलं. अशा संस्कारांनी गव्हाची प्रकृती कायमची बदलता येते, असा त्याचा दावा होता. त्याला विरोध करणारे निकोलाय वाविलोव १९४० साली पकडले गेले आणि १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात वारले. ज्या माणसाने जगभर फिरून पिकांचं बियाणं गोळा केलं, त्याचा शेवट उपासमारीने झाला. हे लिहितानाही राग येतो. आणि झाडाचं म्हणणं लायसेन्कोच्या नेमकं उलट निघालं. अराबिडॉप्सिसमध्ये एफएलसी नावाचं जनुक फुलोरा अडवून धरतं. थंडीच्या आठवड्यांमध्ये व्हीआयएन३ नावाचं प्रथिन हळूहळू साठतं आणि एफएलसी ज्या हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेलं असतं त्यांच्यावर बंदीच्या खुणा चढू लागतात. इंग्लंडमधल्या नॉरिच इथल्या जॉन इनेस सेंटरमध्ये कॅरोलिन डीन यांच्या गटाने यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. हे बंद होणं थोडं थोडं नसतं. एखाद्या पेशीत एफएलसी एक तर चालू असतं नाहीतर पूर्ण बंद, आणि थंडी जितकी लांबते तितक्या जास्त पेशी बंदच्या बाजूला जातात. लांब हिवाळा आणि आखूड हिवाळा यांतला फरक झाड अशा पेशींच्या गणतीत साठवतं. वसंतात थंडी गेली तरी ही आठवण टिकते, फुलं येतात, बी धरतं. आणि बियातल्या गर्भात सगळ्या खुणा पुसून एफएलसी पुन्हा सुरू केलं जातं. आईने सोसलेला हिवाळा लेकराला चालत नाही, त्याला स्वतःचा हिवाळा काढावाच लागतो.

या सगळ्यातली एक गोष्ट मला अलीकडे झोपू देत नाही. २०१८ साली याच गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या हवामानात वाढणाऱ्या रोपांवरचं काम प्रसिद्ध केलं. झाड थंडी मोजतं असं आपण म्हणतो, पण व्हीआयएन३ साठण्यासाठी उबेचा अभाव लागतो असं त्यातून दिसलं. दिवसातल्या कुठल्याही वेळी तापमान साधारण १५ अंशांच्या वर गेलं, तर ते साठणं मागे पडतं. म्हणजे रात्री कितीही गारठा असो, दुपारची काही तास टिकणारी ऊब पुरेशी आहे. सरासरी तापमानाच्या तक्त्यांत ही दुपार दिसतही नाही. अशा दुपारी आता हिवाळ्यात वाढताहेत. हिवाळी गव्हाला पुरेशी थंडी मिळाली नाही तर ओंबी उशिरा येते आणि दाणा भरायच्या दिवसांत तो उन्हाळ्याच्या तोंडी सापडतो. गव्हात जनुकं निराळी आहेत, व्हीआरएन या नावाची, पण तिथेही फुलोरा अडवणारं एक आहे आणि थंडीने ते गप्प व्हावं लागतं. वेगवेगळ्या अक्षांशांवरच्या अराबिडॉप्सिसमध्ये एफएलसीची रूपं वेगवेगळी आहेत, काही लवकर बंद होणारी, काही महिनोन्‌महिने हट्टाने चालू राहणारी. आपापल्या जागेच्या हिवाळ्याशी जुळायला त्यांना हजारो वर्षं मिळाली होती. गव्हाच्या पैदासकारांना आता तेच काम काही दशकांत करायचं आहे. त्यासाठी कुठल्या वाणात कोणती मनाई किती घट्ट आहे, हे एकेक करून तपासणं त्यांनी सुरूही केलं आहे.